फासा टाकायला सांगायच्या आधी (खेळ चालवणाऱ्यांसाठी धागा, सगळ्यांनी लिहा)

विसाबाजू

गेलं दीड वर्ष आम्ही सहा जण दर रविवारी दुपारी धरमपेठेत माझ्या घरी रोल-प्लेइंग खेळून राहिलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण खेळ चालवतो, त्याला आम्ही जीएम म्हणतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, आपलं पात्र काय करतं ते बोलून सांगतात, आणि जिथे होईल की नाही अशी खरी शंका असते तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. जीएम मी आहे.

सध्याचं कॅम्पेन, म्हणजे अनेक रविवार चालणारी एक सलग गोष्ट, १८१७ च्या नागपुरातलं. सीताबर्डीची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबरला झाली, आमची गोष्ट त्याच्या तीन आठवडे आधी सुरू होते. आप्पासाहेब भोसले गादीवर, इंग्रजांचा रेसिडेंट जेनकिन्स बर्डीच्या टेकडीपाशी, आणि महालात कोण कोणाच्या बाजूचं ते एकमेकांना धड माहीत नाही. पाच पात्रं, पाचही साधी माणसं: एक हरकारा, एक वैदीण, अरब पलटणीतला एक शिपाई, एक कारकून आणि एक विणकर बाई.

आता मुद्द्याचं. एका सेशनसाठी मी एक पत्र बनवलं. कागद चहाच्या पाण्यात भिजवला, कूलरसमोर वाळवला, बोरूनं मोडीत मजकूर लिहिला. मोडी मला नीट येत नाही, वर्णमाला समोर ठेवून तीन संध्याकाळी लागल्या. त्या पत्रातच होतं की दरबारातला कोणता माणूस टेकडीवर बातम्या पोचवतो. म्हणजे पुढचं सगळं त्या पत्रावर उभं होतं.

पत्र हातात दिलं, सगळे वाकून पाहायला लागले, आणि मी सवयीनं म्हणालो, "मोडी वाचायला रोल करा, पंधरा पाहिजे." कारकुनाला दोनचा बोनस होता, म्हणजे पडलेल्या आकड्यात दोन मिळवायचे. त्याला पडले चार. मग बाकीच्या चौघांनी टाकून पाहिलं, कोणालाच जमलं नाही. त्यानंतर चाळीस मिनिटं आम्ही नुसते गोल गोल फिरत होतो. हे मंदिरात जातात, मी म्हणतो पुजारी नाही, हे बाजारात जातात, मी म्हणतो बाजार बंद, कारण त्या ठिकाणी काय असेल याचा मी विचारच केलेला नव्हता. शेवटी मी पडद्यामागे (जीएमचे फासे इतरांना दिसू नयेत म्हणून समोर उभा करतात तो आडोसा) एक फासा टाकला, सहा आले, मी अठरा म्हणालो, आणि एक फकीर आणून त्याच्या तोंडून सगळं सांगून टाकलं.

विणकर बाई खेळणारी आमची मैत्रीण कमी बोलते. तिनं फासा पाहिला नव्हता. पण ती म्हणाली, "दादा, मंग आधी टाकायले कायले लावलं?"

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जाऊन नाही राहिलं. तिचं बरोबर होतं. जो माणूस कारकुनी करून पोट भरतो त्याला मोडी वाचता येते, त्याच्यासाठी शंका कुठे होती? शंका वेगळीकडे होती, वाचायला किती वेळ लागतो, वाचताना दिव्याचा उजेड कोणाच्या नजरेस पडतो, कागद परत जागेवर ठेवता येतो का. फाशाला विचारायचं होतं ते हे. मी त्याला असा प्रश्न विचारला ज्याचं एकच उत्तर मला चालणार होतं, आणि दुसरं उत्तर आल्यावर खोटं बोललो.

आता मी स्वतःला नियम घालून घेतलाय. फासा टाका म्हणायच्या आधी "एक आला तर पुढच्या मिनिटाला टेबलावर काय होतं" हे मनात स्पष्ट पाहिजे, नसेल तर रोल नाही, सरळ सांगून टाकायचं की झालं. तुम्ही लोक कसं करता ते ऐकायचंय. पडद्यामागे आकडा बदलता का? आणि बदलत असाल तर तुमच्या खेळणाऱ्यांना ते माहीत आहे का?

गणितवाला

चांगला धागा. यात दोन वेगळ्या चुका आहेत आणि दुसरी कोणाच्या लक्षात येत नाही म्हणून लिहितो.

वीस बाजूंच्या फाशात प्रत्येक आकड्याला ५ टक्के. कारकुनाला अधिक दोन, म्हणजे तेरा किंवा वर पाहिजे, ४० टक्के. ठीक आहे, अवघड काम. पण मग तुम्ही बाकी चौघांनाही टाकू दिलं. त्यांना बोनस नाही, म्हणजे ३० टक्के प्रत्येकी. पाचही जण चुकायची शक्यता काढा: ०.६ गुणिले ०.७ चा चौथा घात, साधारण १४ टक्के. म्हणजे तुम्ही कागदावर "अवघड" लिहिलेलं काम प्रत्यक्षात ८६ टक्के सोपं होतं आणि तरी तुम्ही अडकलात, कारण सातातून एकदा होणारी गोष्ट दीड वर्षात कधीतरी होणारच.

याच्या उलटंही होतं आणि ते जास्त त्रासदायक. चौघं पहारेकऱ्याच्या मागून चोरपावलांनी जाऊन राहिले, प्रत्येकाची ७० टक्के शक्यता, जीएम म्हणतो सगळ्यांनी टाका आणि एक जरी चुकला तरी पकडले. ऐकायला ७० टक्के छान वाटतं. पण चौघंही सुटायची शक्यता २४ टक्केच. खेळणारे म्हणतात आपलं नशीब खराब, पण नशिबाचा संबंध नाही, नियम कसा लावला त्याचा आहे. म्हणून मी अशा वेळी एकच फासा टाकायला लावतो, सर्वात ढ पात्राचा किंवा पुढे चालणाऱ्याचा, आणि बाकीचे त्याला कशी मदत करतात ते बोलून सांगतात. किंवा मग निम्मे जमले तर सगळे सुटले, असंही चालतं.

आणि पत्र एकच का होतं? कळलंच पाहिजे अशी गोष्ट असेल तर तिच्याकडे जायला किमान तीन वाटा ठेवायच्या, हा जुना आणि अनुभवानं पक्का झालेला नियम आहे. खेळणारे एक वाट पाहणारच नाहीत, दुसरीचा चुकीचा अर्थ काढतील, तिसरी लागेल.

सदरबाजार

मी थोडा विरुद्ध बोलणार आहे, राग नको.

मी सुट्ट्यांमध्ये कॉलनीतल्या पोरांना खेळवतो, वयं नऊ ते बारा. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत दुपारी बाहेर तर सोडता येत नाही, मग आठ पोट्टे माझ्या हॉलमध्ये. तिथे मी आकडा बदलतो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. एका पोराचं पात्र पहिल्याच मारामारीत मरायला आलं होतं, तो पहिल्यांदाच खेळत होता, डोळे भरले होते. मी म्हटलं नाही रे, भाला ढालीला लागला. ते पोरगं पुढच्या दिवशी स्वतः लिहिलेली वही घेऊन आलं, ढालीचं चित्र काढून. त्या दिवशी आकडा खरा सांगितला असता तर ते परत आलं असतं असं मला नाही वाटत.

आणि हा वाद आपला नाही, बराच जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झचा युद्धखेळ १८२४ साली आला, त्यात फासे होते, नुकसानीचे तक्ते होते, आणि निकाल द्यायला एक पंच बसायचा. पुढे अधिकारी तक्त्यांना कंटाळले. १८७६ मध्ये व्हेर्डी दू व्हेर्नुआ या अधिकाऱ्यानं मांडलं की पंच जर अनुभवी असेल तर फासे नि तक्ते कशाला, तोच सांगेल काय झालं ते. आपलं रोल-प्लेइंग ज्यातून सुरू झालं तो डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ चा, तो बनवणारे गायगॅक्स आणि आर्नेसन दोघंही युद्धखेळ खेळूनच तिथे पोचले. म्हणजे फाशाचं ऐकायचं की पंचाचं, हा प्रश्न या खेळाच्या रक्तातच आहे. मी पंचाच्या बाजूचा.

विसाबाजू

काका, पोराच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूनं आहे, त्याला वाचवायलाच पाहिजे होतं. फक्त एक विचारतो. पडद्यामागे आकडा बदलण्याऐवजी सगळ्यांसमोर "पहिल्या लढाईत कोणी मरत नाही, जखमी होतो" असा नियमच केला असता तर? पोरगं वाचलंच असतं, आणि फासाही खरा राहिला असता. प्रशियाचा तो पंच उघडपणे सांगायचा की निकाल मी देतोय. मी केलं ते वेगळं होतं, मी निकाल स्वतः दिला आणि नाव फाशाचं सांगितलं.

सदरबाजार

हं. हे बरोबर आहे. या सुट्टीत असंच करून पाहतो, आधीच सांगून.

नवखी_मानेवाडा

मला खेळायचंय पण वीस बाजूंचा फासा बर्डीवर दोन दुकानांत विचारला, कोणाकडे नाही. ऑनलाइन मागवायचाच का?

गणितवाला

मागवा, पण तोपर्यंत थांबू नका. घरात तंबोला असेल तर १ ते २० च्या सोंगट्या पिशवीत टाका, एक काढा, वाचा, परत आत टाका. परत टाकायला विसरू नका, नाहीतर शक्यता बदलत जातात.

किंवा ल्युडोचे दोन साधे फासे घेऊन खेळता येतील असे खेळ आहेत. दोन फाशांची बेरीज १० किंवा वर आली तर काम फत्ते, ७ ते ९ आली तर काम होतं पण काहीतरी किंमत द्यावी लागते, ६ किंवा खाली आली तर जीएमचा डाव, म्हणजे तो पात्रांना अडचणीत आणतो. ही रचना २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डपासून पसरली, व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांचा खेळ. बोनस नसताना १० किंवा वर साधारण १७ टक्के, मधला भाग ४२ आणि खालचा ४२. त्यात अधिक दोन मिळाले की वरचा भाग थेट ४२ होतो आणि खालचा १७. धाग्याचा मूळ प्रश्न इथे आपोआप सुटतो, कारण "झालं पण" हे उत्तर नियमातच बसवलेलं आहे आणि जीएमला प्रत्येक रोलला किंमत काय याचा विचार करावाच लागतो.

निशिगंध

मी सहसा वाचूनच जाते, आज लिहिते, कारण इथे सगळे फाशाबद्दल बोलून राहिले आणि मला टेबलाभोवतीच्या माणसांबद्दल बोलायचंय. धागाकर्त्यानं १८१७ म्हटल्यावर मला तेच आठवलं.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका ग्रुपमध्ये खेळायचे. त्यांनीही जुन्या काळातली गोष्ट घेतली होती आणि त्यात पटकीची (कॉलऱ्याची) साथ आणली. १८१७ मध्ये बंगालात जेसोरकडून सुरू झालेली साथ पुढे देशभर पसरली, त्यामुळे इतिहास म्हणून काही चूक नव्हतं. जीएमनं मन लावून वर्णन केलं, घरातून माणसं बाहेर काढताहेत, बैलगाडी कमी पडतेय, घाटावर जागा नाही. बाकीचे गुंग होऊन ऐकत होते. मी २०२१ च्या एप्रिलमध्ये घरातलं माणूस गमावलं होतं. ते सगळं मी बघितलेलं होतं, घाटावर जागा नसणं सुद्धा. मी पाणी आणते म्हणून किचनमध्ये गेले आणि बेसिनचा नळ चालू ठेवून उभी राहिले. परत आले, हसले, सेशन पूर्ण केलं. त्यानंतर त्या ग्रुपमध्ये गेले नाही. त्यांनी विचारलं तर ऑफिसचं कारण सांगितलं. ते लोक वाईट नव्हते हो, त्यांना माहीतच नव्हतं आणि मला सांगायची सोय नव्हती.

यासाठी एक साधं साधन आहे, एक्स कार्ड म्हणतात, जॉन स्टाव्ह्रोपूलॉस यांचं. टेबलाच्या मध्ये एक कार्ड ठेवायचं त्यावर फुली, जे चालू आहे ते नको असेल तर कोणीही त्याला हात लावायचा, तो भाग काढून टाकायचा, कारण विचारायचं नाही. कल्पना फार चांगली आहे. पण आपल्याकडे ते कार्ड नुसतं पडून राहतं, मी तीन टेबलांवर पाहिलं. भीड असते ना. सगळे रंगात आलेत, पोहे आलेत, यजमानांच्या आईसमोर मी कार्डाला हात लावून खेळ थांबवू? नाही होत आपल्याच्यानं.

म्हणून माझ्या आत्ताच्या टेबलावर आम्ही दोन गोष्टी करतो. कॅम्पेन सुरू व्हायच्या आधी जीएम प्रत्येकाला वेगळा फोन करते, ग्रुपवर विचारत नाही, फोनच. काय अजिबात नको, आणि काय चालेल पण पडद्याआड, म्हणजे घडलं एवढं कळू दे पण वर्णन नको. आणि दुसरं, दर तासाला चहा, म्हणजे चहाच, खेळ पूर्ण बंद. ज्याला काही बोलायचं असतं तो चहाच्या वेळी किचनमध्ये जीएमच्या मागे जातो. आपल्याकडे मनातलं बोलणं ओट्यापाशीच होतं, तर मग त्यासाठी जागा ठेवायची.

विसाबाजू

निशिगंध, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या वहीत पुढच्या भागात साथ होती. मी या आठवड्यात पाचही जणांना फोन करतो.

तर्रीपोहे

भाषेबद्दल कोणी बोललंच नाही अजून, म्हणून मी.

आम्ही दोन वर्षं इंग्रजीत खेळलो कारण पुस्तकं इंग्रजीत. मग एकदा लाइट गेले होते, पुस्तक दिसत नव्हतं, मोबाइलची बॅटरी संपत आलेली, तर सगळे मराठीत सुरू झाले आणि खेळच बदलला. सगळ्यात मोठा फरक तू, तुम्ही आणि आपण यांचा. एक सरदार आमच्या हरकाऱ्याशी बोलत होता, "आपण इतक्या लांबून आलात, बसा", मग काम ऐकल्यावर "तुम्हाला कोणी पाठवलं", आणि मग आवाज न चढवता, "तुला परत जायचंय ना?" बस. जीएमनं एवढंच केलं आणि आमच्यातल्या दोघांनी तलवार काढली म्हणून सांगितलं. धमकीचा एक शब्द नव्हता त्यात. इंग्रजीत एका यूमध्ये हे कुठून आणणार?

दुसरं, वर्णन वर्तमानकाळात करा. "तुम्ही दार ढकलता, आत कोणीतरी दिवा विझवतं" असं म्हटलं की खेळणारा लगेच काहीतरी करतो. "दार ढकललं, दिवा विझला होता" म्हटलं की तो गोष्ट ऐकायला बसतो.

तिसरं जरा मनाला लागलेलं. वऱ्हाडी बोलणारं पात्र म्हणजे नोकर, नाहीतर विनोदी, हे सिनेमा-सिरीयलीतून आपल्याच डोक्यात बसलंय. आमच्याच टेबलावर दिवाण पुणेरी बोलायचा आणि नावाडी "मले काय मालूम" म्हणायचा. अरे, नागपूरचा दरबार आहे ना? माझी आजी "जाऊन राहिली, येऊन राहिली" बोलायची आणि तिच्यासमोर अख्खं घर उभं राहायचं. आता आमचा दिवाण "तुले एकदा सांगतलं ना" असं हळू आवाजात म्हणतो आणि कोणी हसत नाही. करून पाहा.

एक प्रश्न विसाबाजू यांना: शेवट सगळ्यांना माहीत असेल तर खेळणारे लढाई जिंकायचा प्रयत्न नाही करत का?

विसाबाजू

पहिल्याच दिवशी, कॅरेक्टर बनवायच्या आधी ठरवलं. लढाई इतिहासात झाली तशीच होणार, इंग्रज टेकडी राखणार. बदलता येईल ते आपल्या पाच जणांचं आणि ते ज्यांना ओळखतात त्यांचं. शिपाई खेळणाऱ्यानं तेव्हाच विचारून घेतलं होतं की माझी पलटण बर्डीच्या दोन टेकड्यांपैकी छोट्या टेकडीवर चढेल ना, कारण अरबांनी ती खरोखर घेतली होती. म्हटलं चढेल, तू त्यात असशील का ते तू ठरव. एवढं आधी बोलून घेतलं की नंतर कोणाला फसवल्यासारखं वाटत नाही. त्या टेकड्यांवरचा बर्डीचा किल्ला एरवी लष्कराच्या ताब्यात, वर्षातल्या मोजक्याच दिवशी लोकांना सोडतात, तर २६ जानेवारीला आम्ही सगळे मिळून जाऊन आलो आणि दोन टेकड्यांमधलं अंतर डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर नकाशा काढायची गरजच नाही पडली.

विसाबाजू

दहा दिवसांनी परत लिहितो, कालच्या रविवारचं सांगायचंय.

फोन केले. चौघांना साथीचं काही वाटत नव्हतं, एक जण जरा थांबून म्हणाला की आजारी लहान मूल नको. त्याच्या घरचं मला माहीत नव्हतं, विचारलंही नाही. साथ गोष्टीतून काढली नाही, पण आता ती शेजारच्या गावात आहे, बातमी येते तेवढीच. पडदा माळ्यावर टाकला. सगळे फासे आता परातीत, सगळ्यांसमोर. कूलर अर्धा तास बंद ठेवून पाहिला कारण हळू बोललेलं ऐकू जात नव्हतं, पण घामानं हाल झाले, परत लावला.

पत्राची गोष्ट अशी पुढे गेली. मजकूर त्यांना फकिराकडून कळलेला होता, पण सही-शिक्क्याचं मूळ पत्र दिवाणापर्यंत पोचलं तरच पुरावा. विणकर बाईनं ते नऊवारीच्या ओच्यात बांधलं आणि रात्री जुम्मा तलावाच्या कडेनं निघाली. मागे दोन माणसं लागलेली. ती म्हणाली मी पाण्यात उतरते, काठाकाठानं पलीकडे जाते.

मी आधी सांगितलं. पंधरा आले तर कोरडी निघशील, कमी आले तरी सुटशीलच, ती माणसं पाण्यात उतरणार नाहीत, पण पत्र भिजेल. टाकायचं की मागे फिरून त्यांच्याशी बोलायचं?

तिनं बराच वेळ घेतला. कोणी मध्ये बोललं नाही. मग तिनं परातीत टाकला आणि पाच आले, सगळ्यांनी पाहिले.

मी काही बोलायच्या आधी तिनं माझ्यासमोरचं ते पत्र उचललं, तीन संध्याकाळी लिहिलेलं, आणि स्टीलच्या पाण्याच्या ग्लासात पूर्ण बुडवलं. शाई लगेच फुटली, ग्लासातलं पाणी काळं झालं. तिनं दहापर्यंत मोजलं, मी ऐकलं, बाहेर काढून परातीच्या काठावर ठेवलं आणि म्हणाली, "आता वाचा काय राहिलं त्याच्यात."

आत्ता तो कागद खिडकीच्या गजाला चिमट्यानं लावलाय. वरच्या दोन ओळी आणि अर्धा शिक्का राहिला आहे. नाव गेलं, पण तारीख आणि गावाचं पहिलं अक्षर स्पष्ट दिसतं. कारकून खेळणारा सकाळपासून त्या अक्षराचे फोटो मागून राहिला.